एक पेपर हाती घ्या: इंदूरच्या प्राध्यापकांसाठी अध्यापन सुधारण्याचा सविस्तर मार्ग

इंदूरच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्राध्यापकाला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात. एक आघाडी फाइलीची: ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर ही प्राध्यापकांची प्रशिक्षणं, प्रमाणपत्रं, महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकसाठी मागवलेली माहिती, वार्षिक गोपनीय अहवाल. दुसरी वर्गाची. तिथे साठ-सत्तर मुलं समोर असतात. काही खरगोन-धारकडच्या हिंदी माध्यमाच्या शाळांतून आलेली, काही शहरातल्या इंग्रजी शाळांतली. पेपर, म्हणजे शिकवायचा विषय, एकच, पुस्तकं मात्र दोन भाषांतली. दोन्ही आघाड्या खऱ्या आहेत आणि दोन्हींसाठी वेळ काढावाच लागतो. गडबड होते ती पहिलीवरचं काम संपलं की दुसरीवरचंही झालं असं वाटू लागल्यावर. प्रमाणपत्रांनी फाइल भरते, पण त्याने वर्ग सुधारतोच असं नाही.

माझं म्हणणं असं की, सगळा व्यावसायिक विकास एका पेपरमधून वाहू द्यावा. या सत्रात एकच पेपर हाती घ्या. प्रशिक्षण, वाचन, सहकाऱ्यांशी चर्चा, फीडबॅक, सगळं त्या एका पेपरभोवती ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. त्यात परीक्षा, प्रवेश आणि समित्यांची कामं मिळवली की सगळे पेपर एकदम सुधारण्याइतका वेळ कुणाजवळच उरत नाही. एका पेपरसाठी आठवड्याचे दोन तास मात्र काढता येतात. ते वेळापत्रकात लिहूनच टाका, नाहीतर कुठली तरी बैठक ते खाऊन टाकते.

पेपर कोणता घ्यायचा

पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येईल असा पेपर घ्या, म्हणजे केलेल्या बदलाचं फळ तपासता येईल. पहिल्यांदाच शिकवायला मिळालेला पेपर घेऊ नका, त्यात आधी मजकुराशीच झुंजावं लागतं. मुलं दरवर्षी ठरावीक जागी अडखळतात आणि तुम्हालाही ते जाणवतं, असा पेपर सगळ्यांत चांगला.

निवड झाली की शिकवायला लागण्याआधी एक काम करा. मागच्या सत्रातल्या सीसीईच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या, उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा काढा आणि गुणांकडे न पाहता वाचा. हातात पेन्सिल आणि शेजारी कोरा कागद ठेवा. चूक कुठे झाली, कशी झाली, तेवढंच टिपायचं. वीस-पंचवीस पत्रिका वाचून होईपर्यंत दिसतं की चुका फार थोड्या प्रकारच्या आहेत आणि त्याच त्या पुन्हा येतात. त्यातल्या तीन निवडा. तुमचं सत्राचं काम त्या तीन चुकांवर चालणार आहे. ‘मुलांचा पाया कच्चा आहे’ हे वाक्य या कागदावर लिहायचं नाही, कारण त्यावर उद्या सकाळच्या तासाला काही करता येत नाही. ‘मागणीचा वक्र सरकणं आणि त्या वक्रावरून सरकणं यात गोंधळ’ असं लिहिलं तर करता येतं.

प्रश्नपत्रिकेपासून मागे या

नवीन शैक्षणिक धोरण लागू करण्यात मध्य प्रदेश अगदी पुढे होतं, २०२१-२२ च्या सत्रापासूनच. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर अध्ययन-निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते, छापलेल्या असतात. त्या बहुधा फार मोठ्या असतात: ‘विद्यार्थ्याला बाजारव्यवस्थेचं आकलन होईल’, वगैरे. आकलन झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, ते तिथे नसतं.

प्रत्येक युनिटसाठी तुमच्या शब्दांत तीन निष्पत्ती लिहा. प्रत्येकीत असं क्रियापद हवं की जे करताना मूल डोळ्यांना दिसेल: आकृती काढेल, दोन बाजारांची तुलना करेल, दिलेल्या आकड्यांवरून लवचिकता काढून निष्कर्ष लिहील. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये इतरांनी सुधारलेली पायऱ्यांची मांडणी इथे उपयोगी पडते: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. सहाच्या सहा पायऱ्या प्रत्येक युनिटमध्ये आणण्याचा आग्रह नको. नॅकच्या तक्त्यात ते छान दिसतं, वर्गात त्याची ओढाताण होते.

आता मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका या निष्पत्तींशेजारी ठेवा. कोणत्या निष्पत्तीवर किती गुण आले ते मांडा. बऱ्याच पेपरांत दिसेल की निष्पत्ती विश्लेषणाच्या आणि प्रश्न ‘टीप लिहा’चे. अशा वेळी मुलं टिपा पाठ करतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच असतं. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नसेल, पण सीसीईची असते. तिथला निदान एक प्रश्न असा काढा की पाठ केलेलं उत्तर लिहून भागणार नाही.

तासातला एक प्रश्न

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

पन्नास मिनिटांच्या तासात मध्यभागी एक प्रश्न ठेवा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं उदाहरण घेऊ. मागणीचा नियम शिकवून झाला आहे. फळ्यावर लिहा: चोइथराम मंडीत कांद्याची आवक वाढली, भाव किलोला ४० रुपयांवरून २५ वर आला, आणि लोक जास्त कांदे घेऊ लागले. कांद्याच्या मागणीच्या वक्राचं काय झालं? (अ) उजवीकडे सरकला. (ब) डावीकडे सरकला. (क) वक्र जागचा हलला नाही, आपण त्याच वक्रावरून खाली आलो. (ड) वक्राचा उतार बदलला.

आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, बोलायचं नाही. एक-दोन मिनिटं द्या. मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. त्यासाठी चार रंगांचे कागदी पत्ते पुरतात, मोबाइलही लागत नाही. हात वर करायला लावलं तर मागच्या बाकांवरची मुलं पुढच्यांचे हात पाहून आपला हात उचलतात, म्हणून पत्ते बरे.

या प्रश्नात बरीच मुलं ‘अ’ निवडतात. लोक जास्त घेताहेत म्हणजे मागणी वाढली, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. लगेच उत्तर सांगू नका. शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा, असं सांगा आणि तीन मिनिटं वर्गात फिरा. कोण काय बोलतंय ते कान देऊन ऐका, मुलांच्या डोक्यात विचार कसा चालतो ते इथे फुकट ऐकायला मिळतं. पुन्हा पत्ते दाखवायला सांगा. आता ‘क’ वाढलेले दिसतात. मग आकृती काढून दाखवा: सरकला तो पुरवठ्याचा वक्र, मागणीचा नव्हे. भाव उतरल्यामुळे आपण मागणीच्या त्याच रेषेवर दुसऱ्या बिंदूवर आलो.

लगेच दुसरा प्रश्न टाका. कांदेनवमी झाली, चातुर्मास लागला, अनेक घरांत कांदा-लसूण बंद झाला. भाव तोच आहे. आता वक्राचं काय? इथे वक्र खरोखरच डावीकडे सरकतो, कारण भाव न बदलता लोकांची इच्छा बदलली. वर्गात कुणाला कांदेनवमी माहीत नसेल तर शेजारची मराठी मुलगी सांगते, जैन घरातला मुलगा आपल्या घरचं सांगतो, आणि मुद्दा पुस्तकातून उठून त्यांच्या स्वयंपाकघरात येतो.

ही पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवली. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर आपसांतली चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी असतील तर मुद्दा तुम्हीच पुन्हा समजावा. जास्त असतील तर वेळ न घालवता पुढे जा. म्हणून प्रश्नाचा कस पर्यायांत असतो. प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या गैरसमजातून आलेला हवा, आणि ते गैरसमज तुमच्या त्या पेन्सिलच्या कागदावर आधीच उतरलेले असतात.

अशा शिकवण्याचा पुरावा भक्कम आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८. मात्र २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली. अशा वर्गांत मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः झगडताना तसं वाटत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे मोकळेपणाने सांगा: ‘मी प्रश्न विचारणार, तुम्हाला अवघड वाटणार, आणि ते अवघड वाटणं हाच शिकण्याचा भाग आहे.’ हे न सांगता सुरुवात केली तर ‘सर खुद नहीं पढ़ाते, हमसे ही करवाते हैं’ अशी कुजबुज सुरू होते.

एक बारीक गोष्ट यात मोठं काम करते. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, आणि उत्तरासोबत कारणही देऊ लागतात. तीन सेकंदांची शांतता सुरुवातीला फार लांब वाटते. मनातल्या मनात मोजा.

दोन माध्यमांचा वर्ग

आपण इंदूरचे मराठी प्राध्यापक मराठी बोलत वाढलो, शिकलो बहुधा इंग्रजीतून, आणि वर्गात बोलतो हिंदी. हिंदी माध्यमाची मुलं मात्र परिभाषा हिंदीतूनच शिकून आलेली असतात, आणि ती परिभाषा आपल्या तोंडी असलेल्या शब्दांशी जुळेलच असं नाही. प्रत्येक युनिटच्या सुरुवातीला अर्ध्या पानाचा शब्दतक्ता द्या: इंग्रजी संज्ञा देवनागरीत, तिचा हिंदी पर्याय, आणि एका ओळीत अर्थ. वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग १९६१ पासून हिंदी परिभाषा ठरवतो आहे. त्याचे शब्दसंग्रह इंटरनेटवर पाहायला मिळतात. विद्यापीठाची हिंदी प्रश्नपत्रिका साधारण त्याच शब्दांनी चालते, म्हणून मनाने शब्द घडवू नका.

प्रश्न दोन्ही भाषांत लिहा. चर्चा मुलांना हव्या त्या भाषेत करू द्या. आकृत्यांची नावं मात्र पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने लिहा. इंग्रजीतला लेख वाचायला द्यायचा असेल तर हिंदी माध्यमाच्या मुलांना आधी त्यातली एकच आकृती किंवा एकच परिच्छेद द्या आणि वर्गात सोबत वाचा. माध्यम वेगळं असल्याने गप्प बसलेलं मूल आणि विषय न कळल्याने गप्प बसलेलं मूल बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक कळतो तो त्याच्या भाषेत प्रश्न विचारल्यावरच.

छोट्या चाचण्या, आणि गुण कशाचे ते आधी सांगणं

आठवड्यातून एकदा, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत, मागच्या आठवड्याच्या मजकुरावर तीन प्रश्न. वह्या बंद. गुण नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. परीक्षा आठवड्यानंतर नव्हे, काही महिन्यांनंतर असते, हे लक्षात घेतलं तर या पाच मिनिटांचं मोल कळतं. उत्तरं लगेच फळ्यावर मांडा आणि मुलांना आपापली तपासू द्या. तुमच्यावर तपासणीचा बोजा पडत नाही, म्हणून हा क्रम टिकतो.

मोठ्या लेखी कामासाठी गुणांचा तक्ता आधीच द्या. चार ओळी पुरतात: मांडणी, आकडे किंवा पुरावा, तर्क, निष्कर्ष. प्रत्येक ओळीत उत्तम, ठीक आणि अपुरं म्हणजे काय ते एकेका वाक्यात. दोन जुनी उत्तरं नावं काढून वर्गात वाटा आणि मुलांनाच त्या तक्त्याने गुण द्यायला सांगा. त्यावरची वादावादी ऐकण्यासारखी असते. कशाला गुण मिळतात हे मुलांना त्या तासात जेवढं कळतं तेवढं आपण कितीही सांगून कळत नाही.

चॅटजीपीटी आल्यापासून घरी लिहून आणायच्या कामाचा भरवसा राहिलेला नाही. बंदीची नोटीस लावून ते थांबत नाही, काम बदलावं लागतं. मुलांना दोन आठवडे मंडीतले किंवा घराजवळच्या दुकानातले भाव स्वतः टिपायला सांगा, त्यांची आकृती काढायला सांगा, आणि जमा करताना दोन मिनिटं समोर बसवून विचारा: हा बिंदू इथे का आला? ज्याने भाव टिपले त्याला सांगता येतं.

मध्यसत्राचा फीडबॅक

सत्राच्या शेवटी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा (आयक्यूएसीचा) फॉर्म भरून घेतात. तो त्या मुलांच्या काही उपयोगाचा नसतो, कारण ती पुढच्या वर्गात जाऊन पोहोचलेली असतात. सत्राच्या मध्यावर, नाव न लिहिता, अर्ध्या कागदावर तीन प्रश्न विचारा: शिकायला कशाची मदत होते? कशाने अडचण होते? कुठला भाग अजून स्पष्ट नाही? शिकवण्याबद्दल मत विचारू नका, शिकण्याबद्दल विचारा.

कागद घरी नेऊन गट पाडा. पुढच्या तासाला पाच मिनिटं काढून सांगा की तुम्ही काय लिहिलंत, त्यातलं काय मी बदलणार, आणि काय बदलणार नाही व का. हे सांगणं टाळलं तर पुढच्या वेळी कोरे कागद परत येतात. फॉर्मवरच्या सरासरी आकड्यांना फार डोक्यावर घेऊ नका, त्यांच्यावरून खचूनही जाऊ नका. २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. मुलांनी हाताने लिहिलेल्या ओळीच कामाच्या असतात.

सहकाऱ्याला वर्गात बोलवा

आपल्याकडे वर्गात दुसरा प्राध्यापक येऊन बसला की तपासणी वाटते. ही भावना मोडायची असेल तर निमंत्रण तुमच्याकडून जायला हवं, आणि ते बरोबरीच्या सहकाऱ्याला, विभागप्रमुखांना नव्हे. ‘मॅडम, गुरुवारच्या तासाला याल का? मुलं चर्चेत खरंच बोलतात का, एवढंच पाहायचंय’, इतकं पुरतं. विषय वेगळा असला तर उलट बरं. अर्थशास्त्राच्या तासाला रसायनशास्त्राचा माणूस बसला तर मजकुरावर शेरे देण्याऐवजी तो मुलांकडे पाहतो.

आदल्या दिवशी चहावर दहा मिनिटं बसा. तासाचा हेतू सांगा आणि कशाकडे लक्ष द्यायचं ती एकच गोष्ट ठरवा. प्रत्यक्ष तासाला पाहणाऱ्याने मागे बसून दर दोन मिनिटांनी एक खूण करायची: या क्षणी शिक्षक काय करतोय आणि मुलं काय करताहेत. शिक्षक बोलतोय, लिहितोय, प्रश्न विचारतोय, फिरतोय. मुलं ऐकताहेत, लिहिताहेत, आपसांत बोलताहेत, प्रश्न विचारताहेत. मत नाही, फक्त नोंद. अशी नोंद घेण्याची एक सविस्तर पद्धत अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांत २०१३ पासून रूढ आहे. आपल्याला तिचा हा साधा अवतार पुरे.

तासानंतर त्याच दिवशी बसा. आधी शिकवणाऱ्याने बोलायचं: काय जमलं, काय नाही. मग पाहणाऱ्याने खुणांचा कागद पुढे ठेवायचा. कागदावर दिसतं की चर्चेला दहा मिनिटं दिली असं वाटलं होतं, प्रत्यक्षात चारच मिळाली. प्रश्नांची उत्तरं डावीकडच्या दोन रांगांतूनच आली. ‘छान झाला तास’ यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं, आणि बोचतही नाही, कारण बोलतो तो कागद. शेवटी पुढच्या तासासाठी एकच बदल ठरवा. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या तासाला जा. हा कागद कुठल्याही फाइलीत जाणार नाही, हे दोघांत आधीच ठरलेलं असू द्या.

प्रशिक्षणाला जाताना

देवी अहिल्या विश्वविद्यालय १९६४ मध्ये इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं, १९८८ मध्ये त्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं. देशात अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर आली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, आणि सप्टेंबर २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणून चालतात. आपल्या विद्यापीठातही असं केंद्र आहे, त्यामुळे इंदूरच्या प्राध्यापकाला दूर जावं लागत नाही. नव्याने रुजू झालेल्यांसाठी ‘गुरु-दक्षता’ हा सुमारे महिन्याभराचा उपक्रम, धोरणाची ओळख करून देणारे छोटे ऑनलाइन कार्यक्रम, विषयवार रिफ्रेशर, असे पर्याय मालवीय मिशनच्या पोर्टलवर दिसतात. तांत्रिक महाविद्यालयांतल्या लोकांसाठी तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीईच्या) अटल अकादमीचे कार्यक्रम आहेत. केंद्र सरकारच्या स्वयं या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत सुरू होतात. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं.

निवडताना तारीख पाहण्याआधी तुमचा पेपर डोळ्यांपुढे आणा. मूल्यमापनावरचा कार्यक्रम असेल तर तुमची सीसीईची प्रश्नपत्रिका सोबत न्या. आयसीटीवरचा, म्हणजे शिकवण्यात संगणक-इंटरनेट वापरण्यावरचा, असेल तर एक युनिट न्या. प्रत्येक वक्त्याच्या सत्रात एकच प्रश्न मनात ठेवा: यातलं माझ्या तिसऱ्या युनिटमध्ये काय बसेल? संध्याकाळी तेवढंच लिहा. कार्यक्रमाचा शेवटचा प्रकल्प किंवा सादरीकरण करायचं असतं, तेही याच पेपरवर करा, म्हणजे एक काम दोन ठिकाणी लागतं. परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक गोष्ट वर्गात करून पाहा. महिना उलटला की वह्या कपाटात जातात.

ऑनलाइन कार्यक्रम असेल तर त्या दिवसांत तुमचे तास कोण घेणार हे लेखी ठरवून घ्या. एका कानाने व्याख्यान ऐकत दुसरीकडे प्रवेशाचे फॉर्म तपासणं चालतं, आणि त्यात दोन्हीकडचं नुकसान होतं.

बढतीची फाइल

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या स्तर १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, दोन्ही नसतील तर सहा वर्षांची सेवा लागते. त्यासोबत २१ दिवसांचा ओरिएंटेशन, आणि त्याखेरीज निदान आठवड्याचा एखादा रिफ्रेशर किंवा संशोधन-पद्धतीचा अभ्यासक्रम, किंवा प्रमाणपत्रासह एक मूक (सर्वांना खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम, किंवा स्वतः तयार केलेला ई-आशय, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं साहित्य. स्तर ११ वरून १२ साठी पाच वर्षं. शिकवण्याच्या मूल्यांकनात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा जास्त तास घेतले तर ‘उत्तम’, ७० ते ८० मध्ये ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. पुढच्या पायऱ्यांवर संशोधनाची अट वाढत जाते. प्राध्यापकपदासाठी पीएचडी, दहा शोधनिबंध आणि किमान ११० संशोधन-गुण लागतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदाही काढला. म्हणून तुमच्या पात्रतेच्या तारखेला कोणते नियम लागू आहेत, आणि राज्य शासनाने ते कोणत्या आदेशाने स्वीकारले, हे आस्थापना शाखेत लेखी पाहून घ्या. सहकाऱ्याच्या सांगण्यावर वर्षं मोजू नका.

प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी स्कॅन करा. फाइलीला तारखेचं नाव द्या, कार्यमुक्तीचा आदेश आणि रुजू अहवाल त्याच फोल्डरमध्ये टाका. वर्षांनंतर अडतं ते प्रमाणपत्रावर नव्हे, तर त्या दिवसांच्या रजेच्या कागदावर. आपल्या पेपरची कामं, म्हणजे निष्पत्तींचा तक्ता, एक-दोन प्रश्न, गुणांचा तक्ता, मध्यसत्राच्या फीडबॅकचा सारांश आणि त्यावर केलेला बदल, ही चार-पाच पानं वेगळी ठेवा. मुलाखतीत ‘तुम्ही अध्यापनात काय नवं केलं?’ या प्रश्नाला ही पानं पुढे ठेवता येतात.

अतिथी विद्वानांना, म्हणजे मानधनावरच्या तात्पुरत्या प्राध्यापकांना, यातल्या अनेक गोष्टींचा सरकारी लाभ मिळत नाही, आणि पुढच्या सत्रात कोणतं कॉलेज मिळेल याची खात्री नसते. त्यांच्यासाठी ही पानं अधिक मोलाची आहेत, कारण अनुभव-प्रमाणपत्रावर फक्त तारखा असतात, काम दिसत नाही. शक्य तिथे स्वयंचे अभ्यासक्रम घ्या, त्यांना कॉलेजच्या शिफारसीची वाट पाहावी लागत नाही.

विभागप्रमुख असाल तर

नव्या माणसाला पहिल्याच वर्षी चार वेगवेगळे पेपर देऊ नका. दोन पेपर आणि दोन-दोन तुकड्या दिल्या तर एकच तास दुसऱ्यांदा घेताना तो सुधारतो. महिन्यातून एकदा विभागाची अर्ध्या तासाची बैठक फक्त शिकवण्यावर घ्या, विषय एकच: या महिन्यात मुलं कुठे अडली. परिपत्रकं त्या अर्ध्या तासात येणार नाहीत असं आधीच सांगा. आणि कुणी सहकाऱ्याला वर्गात बोलावत असेल तर त्याची चौकशी करू नका, अहवाल मागू नका.

सत्र संपलं की निकाल येण्याआधी एका पानावर लिहून ठेवा: पेन्सिलने टिपलेल्या तीन चुकांपैकी कोणती कमी झाली, कोणता प्रश्न चांगला चालला, कोणता पुढच्या वर्षी काढून टाकायचा, कोणत्या युनिटला एक तास जास्त हवा. निकालाचे आकडे आले की त्याच पानाखाली लिहा. पेपर दुसऱ्याकडे जाणार असेल तर हे पान, प्रश्नांचा गठ्ठा आणि शब्दतक्ता त्याच्या हाती द्या.